कॉम्प्युटर हळू चालतो? आधी टास्क मॅनेजर उघडा

घरातला कॉम्प्युटर रेंगाळू लागला की आपल्याकडे ठरलेले सल्ले मिळतात. कोणी म्हणते व्हायरस शिरला. कोणी म्हणते फॉरमॅट मारा. दुकानात नेला तर ऐकू येते, "प्रोसेसर जुना झालाय, आता नवीनच घ्या." हे सल्ले कधी कधी बरोबरही निघतात. पण मशीन आत्ता नेमके कशात गुंतले आहे, हे पाहून सल्ला देणारे फार थोडे. पाहण्याची सोय प्रत्येक विंडोज कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असते. तिला पैसे पडत नाहीत, इंटरनेट लागत नाही, आणि आठवी-नववीतली मुलगीही ती पाच मिनिटांत शिकते. घरात एकच कॉम्प्युटर असेल, त्यावरच मुलांचा अभ्यास, स्कॉलरशिपचे अर्ज आणि दुकानाची बिले होत असतील, तर ही पाच मिनिटे काही हजार रुपये वाचवू शकतात.

कंट्रोल आणि शिफ्ट ही बटणे दाबून धरा आणि किबोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातले एस्केप दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. फक्त दोन-चार नावांची छोटी यादी दिसली तर खाली 'मोअर डिटेल्स' असते, त्यावर क्लिक करा. आता डावीकडे चालू असलेल्या प्रोग्रॅमची नावे आणि त्यांच्यापुढे सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क असे रकाने दिसतील. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर टक्केवारी असते. रकान्याच्या नावावर क्लिक केले की जो सर्वात जास्त खातो तो वर येतो.

हा प्रोग्रॅम डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टमधल्या प्रोग्रॅमरने लिहिला, तोही सुरुवातीला घरी बसून, स्वतःच्या सोयीसाठी. नंतर कंपनीने तो घेतला आणि 1996 साली आलेल्या विंडोज एनटी 4.0 मध्ये तो सर्वांना मिळाला. सगळे काही अडकले तरी हा चालला पाहिजे, हा त्याचा हट्ट होता. म्हणून टास्क मॅनेजरच गोठला आणि आपण तीच तीन बटणे पुन्हा दाबली, तर जुना उत्तर देतो का हे थोडा वेळ पाहून नवा उघडण्याची तजवीज त्याने करून ठेवली. माऊस मेल्यासारखा झाला तरी थोडा धीर धरा. खिडकी उघडते.

सीपीयू म्हणजे प्रोसेसर, प्रत्यक्ष काम करणारा. त्याच्यापुढचा टक्का म्हणजे काय, यात बहुतेकांचा गोंधळ होतो. शिलाईचे दुकान डोळ्यांपुढे आणा. एक कारागीर तासातली पंधरा मिनिटे मशीनवर बसला आणि बाकी वेळ मोकळा राहिला, तर तो पंचवीस टक्के कामात होता. सीपीयूचा टक्का साधारण असाच, फक्त हिशेब तासाचा नसून सेकंदाचा. गेल्या सेकंदातला किती वेळ प्रोसेसर कामात होता, ते हा आकडा सांगतो.

म्हणून शंभर टक्के हा आजार नव्हे. ईदच्या आधीच्या आठवड्यात शिंप्याकडे मान वर करायला फुरसत नसते, त्याला आपण दुकान बिघडले म्हणत नाही. शादीचा व्हिडिओ एडिट करून फाइल बनत असेल तर प्रोसेसर शंभरावर जाणारच, आणि गेला तर काम लवकर होईल. चिंता करायची ती वेगळ्या वेळी. काहीच उघडलेले नाही, कोणी काही करत नाही, आणि आकडा पाच मिनिटे झाली तरी साठ-सत्तरच्या खाली येत नाही. मग गिऱ्हाईक नसताना मशीन कोणासाठी चालू आहे, हे विचारायला हवे.

इथे एक फसवे नाव भेटते. 'डिटेल्स' या पानावर 'सिस्टिम आयडल प्रोसेस' असे लिहिलेले असते आणि त्याच्यापुढे 90, 95 असे मोठे आकडे. हाच चोर म्हणून अनेकजण तो बंद करायला धावतात. तो मोकळ्या वेळेचा आकडा आहे. पंचाण्णव दिसले म्हणजे कारागीर पंचाण्णव टक्के वेळ हातावर हात ठेवून बसला आहे. जितका मोठा तितके बरे.

दुसरी गोष्ट दुकानदारांच्याही नजरेतून सुटते. आजच्या प्रोसेसरमध्ये एक कारागीर नसतो, चार किंवा आठ असतात. 'परफॉर्मन्स' पानावर 'लॉजिकल प्रोसेसर्स' म्हणून त्यांची संख्या दिलेली असते. वर दिसणारा टक्का सगळ्यांचा मिळून असतो. एखादा प्रोग्रॅम बिघडला आणि एकाच कारागिराला रात्रंदिवस जुंपून बसला, तर चार जणांच्या दुकानात एकूण आकडा पंचवीसच दिसेल, आठ जणांच्या दुकानात बारा-तेरा. पाहणारा म्हणेल, बाराच टक्के आहेत, प्रोसेसर ठीक आहे. इकडे पंखा मात्र थांबत नाही आणि लॅपटॉप मांडीला चटके देतो. चाराच्या मशीनवर एकाच नावापुढे पंचवीस किंवा आठाच्या मशीनवर साडेबारा हा आकडा चिकटून बसलेला दिसला, तर तो प्रोग्रॅम गोल गोल फिरतो आहे असे समजा. परफॉर्मन्स पानावरच्या ग्राफवर राइट क्लिक करून 'चेंज ग्राफ टू' मधून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडले की प्रत्येकाचा ग्राफ वेगळा दिसतो.

गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातली बारावीची एक मुलगी लॅपटॉप घेऊन दारात आली. तिचे अब्बू रिक्षा चालवतात. पैसे साठवून त्यांनी तो जुना लॅपटॉप घेतला होता. "चाचा, दुकानवाले म्हणतात मदरबोर्ड गेलाय. अब्बू म्हणाले, राहू दे, भंगारात देऊ." सीईटीच्या अर्जाची मुदत तीन दिवसांवर होती. फोटो अपलोड करता करता पान गोठायचे, वेळ संपायची, पुन्हा लॉगिन करावे लागायचे. टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू 11 टक्के. मेमरी 58. डिस्क 100, आणि पाच मिनिटे झाली तरी 100 च.

पुन्हा शिंप्याचे दुकान घ्या. मेमरी म्हणजे रॅम, हे कापड पसरायचे टेबल. डिस्क म्हणजे मागचे गोदाम, तिथे सगळे ठाण रचलेले. या मुलीच्या मशीनमध्ये कारागीर रिकामा बसला होता आणि टेबलावर जागाही होती. गोदामातून कापडच येत नव्हते. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. ती थकली की बाकी सगळे धडधाकट असूनही मशीन मेल्यासारखे वागते. तिच्या जागी एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू होतो. तसेच झाले. आधी फोटो आणि नोट्स पेनड्राइव्हवर काढून घेतल्या, डिस्क बदलली, विंडोज नव्याने टाकले. दुकानाने सांगितलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्श्यात काम झाले आणि अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी गेला. दुकानदार लबाड होता असे मला म्हणायचे नाही. त्याच्याकडे दिवसाला वीस मशीन येतात, तो अंदाजाने बोलतो. अंदाजाला आकडा दाखवला की तोही नीट पाहतो, हा माझा अनुभव आहे.

मेमरी नव्वदच्या पुढे असेल तर गोष्ट वेगळी. टेबल भरले की कारागीर अर्धवट कापड गोदामात ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. म्हणून मेमरी कमी पडली की डिस्कचा आकडाही चढतो. चार जीबी रॅमच्या मशीनवर ब्राउझरची पंधरा पाने उघडी ठेवली की हेच होते. इथे पाने बंद करणे हा पहिला उपाय, रॅम वाढवणे हा दुसरा. प्रोसेसरला दोष देऊन उपयोग नाही.

काही वेळा यादीत वर दिसणारे नाव विंडोजचेच असते. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' म्हणजे विंडोजचा स्वतःचा पहारेकरी, फाइली तपासतो आहे. 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' म्हणजे अपडेट बसते आहे. ही कामे होऊन थांबतात. आपल्या घरांत मात्र एक अडचण असते. कॉम्प्युटर रोज चालू नसतो. अर्ज भरायचा असतो त्या दिवशी तो पंधरा दिवसांनी उघडला जातो, आणि पंधरा दिवसांची साचलेली अपडेट आणि तपासणी त्याच तासात सुरू होते. मग घरात आरडाओरड, नेमके आजच याला काय झाले! मुदतीचे काम असेल तर आदल्या रात्री जेवणाच्या वेळी मशीन चार्जरला लावून, इंटरनेट जोडून तास-दोन तास चालू ठेवा. सकाळी ते मोकळे मिळेल. एकावर एक दोन अँटीव्हायरस टाकलेले असतील तर एक काढून टाका. दोघे एकमेकांच्या फाइली तपासत बसतात आणि बिल प्रोसेसरच्या नावावर फाडले जाते.

यादीत क्रोम वर असेल तर एवढ्याने कळत नाही, कारण क्रोममध्ये दहा पाने उघडी असतात. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर आहे. क्रोम उघडे असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा, कोणते पान किती खाते ते वेगवेगळे दिसेल. ऑनलाइन क्लास किंवा मुलाखतीत आवाज तुटत असेल तर सगळा दोष नेटचा असतोच असे नाही. मागची भिंत धूसर करणारी सोय प्रोसेसरवर मोठा भार टाकते, कारण माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते हे त्याला दर सेकंदाला अनेकदा ओळखावे लागते. ती बंद करून पाठीमागे एक साधी चादर टांगली की आकडा उतरलेला तिथल्या तिथे दिसतो.

परफॉर्मन्सच्या पानावर आणखी एक आकडा असतो, 'स्पीड'. तो गिगाहर्ट्झमध्ये असतो, आणि जवळच 'बेस स्पीड' म्हणून प्रोसेसरचा नेमलेला वेग दिलेला असतो. काम नसताना वेग कमी असणे ठीक. पण सीपीयू शंभरावर आहे, नेमलेला वेग 2.40 आहे आणि प्रत्यक्षात 0.80 दिसतो आहे, तर कारागीर आजारी नाही, त्याचे हात बांधले आहेत. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग उतरवतो. लॅपटॉप गादीवर किंवा रजईवर ठेवला की खालची जाळी बुजते. दोन-तीन वर्षांत पंख्यात धुळीचा थर बसतो. पंखा साफ करून घेणे हे अगदी किरकोळ खर्चाचे काम आहे. काही लॅपटॉप खराब किंवा कमी ताकदीचा चार्जर लावला तरी असेच वागतात. दुसऱ्याचा तसाच चार्जर लावून पाहिला की खुलासा होतो.

आता चोरीचे बोलू. 2017 च्या सप्टेंबरात कॉइनहाइव्ह नावाची एक सेवा सुरू झाली. एखाद्या वेबसाइटवर तिच्या काही ओळी टाकल्या की ते पान उघडणाऱ्याच्या प्रोसेसरवर मोनेरो हे डिजिटल चलन तयार करण्याचे गणित चालायचे. कमाई साइटवाल्याची, वीज आणि मशीन आपले. लवकरच चोरट्यांनी दुसऱ्यांच्या साइटमध्ये गुपचूप तो कोड घुसवायला सुरुवात केली. फेब्रुवारी 2018 मध्ये मजकूर वाचून दाखवणाऱ्या एका जोड-प्रोग्रॅममधून तो चार हजारांहून जास्त साइटवर पोचला, त्यात ब्रिटनच्या सरकारी साइटही होत्या. मार्च 2019 मध्ये कॉइनहाइव्ह बंद झाली. धंदा बंद झाला नाही. आता असे प्रोग्रॅम बहुतेक वेळा फुकटच्या 'क्रॅक' सॉफ्टवेअरबरोबर येतात. फोटोचे महागडे सॉफ्टवेअर, खेळ, विंडोज चालू करून देणारी फाइल, जे काही पेनड्राइव्हवरून "घे, फ्री आहे" म्हणून मिळते त्यातून.

ओळखायचे कसे? एखादे पान उघडले की सीपीयू चढतो आणि बंद केले की उतरतो, तर ते पान सोडून द्या. मशीनमध्येच बसलेला चोर जास्त हुशार असतो. काही चोर-प्रोग्रॅम टास्क मॅनेजर उघडल्याचे ओळखतात आणि तेवढ्यापुरते थांबतात. पंखा घोंघावत असतो, आपण खिडकी उघडतो, दोन सेकंदांत सगळे शांत, आणि बंद केली की पुन्हा घरघर. असे वारंवार घडत असेल तर संशय घ्या. खिडकी उघडताना पहिल्या सेकंदाला आकडा थोडा उसळतो, ते सोडून द्या, टास्क मॅनेजरलाही उघडायला काम पडतेच. संशयित नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' दाबा. 'एसव्हीसीहोस्ट' हे विंडोजचे खरे नाव आहे आणि त्याची फाइल विंडोजच्या सिस्टिम32 या फोल्डरमध्ये असते. तेच नाव डाउनलोड्समध्ये किंवा भलत्याच फोल्डरमध्ये सापडले तर तो पाहुणा नव्हे. विंडोजच्या सुरक्षेत 'ऑफलाइन स्कॅन' आहे, तो चालवा. त्याने मशीन पुन्हा सुरू होऊन विंडोज चालू व्हायच्या आधी तपासणी होते.

हा काटा सतत डोळ्यांसमोर हवा असेल तर काहीही डाउनलोड करू नका. परफॉर्मन्स पानाच्या डाव्या यादीवर राइट क्लिक करून 'समरी व्ह्यू' निवडा. खिडकी आक्रसून एक छोटी पट्टी उरते. सेटिंगमध्ये 'ऑल्वेज ऑन टॉप' लावले की ती इतर खिडक्यांच्या वरच राहते, कोपऱ्यात ओढून ठेवा. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज 7 वापरलेल्यांना पडद्याच्या उजवीकडचे ते दोन गोल मीटर आठवत असतील, एक प्रोसेसरचा, एक मेमरीचा, गाडीच्या काट्यांसारखे. दिसायला फार देखणे. पण त्या गॅजेटच्या मार्गाने मशीनवर हल्ला होऊ शकतो असे सांगून 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टनेच ते बंद करण्याचा सल्ला दिला, आणि विंडोज 8 मध्ये ते राहिले नाहीत. आजही ते मीटर देतो म्हणणाऱ्या भलत्या साइट भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

थोडे खोलात जायची हौस असलेल्या मुलांसाठी 'प्रोसेस एक्सप्लोरर' आहे. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्सचे हे साधन. 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी घेतली आणि आता ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून फुकट मिळते. ते इन्स्टॉल करावे लागत नाही. घड्याळाजवळ एक इवलासा ग्राफ बसतो आणि त्यावर माऊस नेला की सर्वात जास्त खाणाऱ्याचे नाव सांगतो. कोणत्या प्रोग्रॅमने कोणाला जन्म दिला हेही त्यात झाडासारखे दिसते.

'एंड टास्क'चे बटण मुलांच्या हाती देण्यापूर्वी एवढे सांगा. आपण स्वतः उघडलेला प्रोग्रॅम अडकला असेल तर खुशाल बंद करा, पण त्यातले न साठवलेले काम जाईल. विंडोजच्या गटातल्या नावांना हात लावू नका. काही बंद केली तर मशीन तिथेच निळे होऊन पुन्हा सुरू होते. रोजचा फायदा 'स्टार्टअप' पानावर आहे. मशीन चालू होताच आपोआप उठणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात. ज्यांची रोज गरज नाही ते 'डिसेबल' करा. प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही.

दुकानात जायची वेळ आलीच तर आधी कागदावर लिहून न्या: काही न उघडता पाच मिनिटांनी सीपीयू किती, मेमरी किती, डिस्क किती, कामाच्या वेळी स्पीड किती, आणि यादीत वर कोणाचे नाव. मोबाइलने खिडकीचा फोटो काढला तरी चालेल.

आणि मोबाइलचे काय, असे कोणीतरी विचारणारच. अँड्रॉइड 8 पासून एखाद्या ॲपला संपूर्ण फोनच्या प्रोसेसरचा वापर मोजण्याची मुभा नाही. म्हणून "सीपीयू 87 टक्के, आता थंड करा" असे लाल अक्षरांत ओरडणारी बूस्टर आणि कूलर ॲप जो आकडा दाखवतात, त्यावर विसंबण्यासारखे काही नाही. ती काढून टाका. फोन तापत असेल तर सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर जा. तिथे कोणत्या ॲपने किती बॅटरी खाल्ली याची यादी असते, आणि त्या यादीत सर्वात वर ते बूस्टरच बसलेले दिसले तर आश्चर्य वाटू देऊ नका.